डावी बाजू

अकोल्याहून पुण्याला स्वतःच्या गाडीने यायचं तर कुठला रस्ता बरा, असं ऑफिसातले वऱ्हाडी लोक मला अजून विचारतात. मी त्या रस्त्याने एकदाच आले, तेही दोन दारांच्या एका स्पोर्ट्स गाडीतून, जी आता माझ्याकडे नाही. अकोला, खामगाव, चिखली, जालना, औरंगाबाद, नगर, पुणे. खड्डे कुठे होते ते सांगण्यात अर्थ नाही, तेव्हापासून ते जागा बदलून बसले असतील. बाकीचं मात्र लिहून ठेवते. त्या प्रवासात मला माझ्या वडिलांबद्दल एक गोष्ट कळली, आणि ती कळायला एवढा उशीर का व्हावा हे मला अजून स्वतःला नीट समजावता आलेलं नाही.

खराडी

मी टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या, आणि सापडल्या की त्यांचा राग सोसायचा. खराडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीच्या पाचव्या मजल्यावर मी काम करत होते आणि वाघोलीत एकटी राहत होते. तिशी आलेल्या मुलीने सोनं घ्यावं, निदान लग्न तरी करावं, असं सगळ्या नातेवाइकांचं मत होतं. मी गाडी घेतली.

हे वेड घरातलंच. बाबा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं साहेबांची जीप चालवली, साहेब बदलत गेले, बाबा तेच राहिले. स्वतःची गाडी कधी घेतली नाही. रविवारी जीप धुवायला घरी आणत, तेव्हा मला शेजारी बसवून मैदानात दोन चकरा मारत. आईला ते आवडत नसे. पुढे याच मैदानात, मी कॉलेजात असताना, त्यांनी मला चालवायला शिकवलं. आई गेल्यावर ते अकोल्यात एकटेच राहत होते, आणि निवृत्तीनंतर एका शाळेची व्हॅन चालवत होते.

गाडीची जाहिरात पेपरात आली होती. सहकारनगरातला बंगला, मालक सत्तरीचे, पायजमा आणि इस्त्रीचा शर्ट. गाडी जपानी, गडद निळी, बुटकी, दोन दारांची. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाव लिहिलं की लोक किंमत विचारतात.

"आपण चालवणार, की नुसती पुसणार?" त्यांनी विचारलं.

"चालवणार."

"घरी किती माणसं?"

"मी एकटी."

"मग हरकत नाही. मागचं सीट हे सीट नव्हे, ती शोभा आहे. तिथे ज्याला बसवाल त्याच्याशी संबंध राहत नाहीत." मग त्यांनी मला चालकाच्या जागी बसवून डावीकडे मागे बघायला सांगितलं. तिथे नुसता जाड पत्रा होता आणि हातरुमालाएवढी काच. "डावीकडचं मागचं काही दिसत नाही. या गाडीचा हा एकच दोष, आणि तो मी आधी सांगतोय. देवावर भरवसा ठेवायचा."

"मी देव मानत नाही."

"मग मान वळवायची," ते म्हणाले आणि किल्ली दिली.

पहिले दोन महिने मी त्या गाडीच्या प्रेमात होते, हे कबूल करते. वाघोलीच्या प्रत्येक गतिरोधकाला तिचं पोट घासायचं आणि मी उतरून खाली वाकून पाहायची. ऑफिसातली मुलं खाली येऊन तिच्यासोबत फोटो काढायची. मंडईत मी ती एकदाच नेली. भाजीवाल्या मावशी गाडीकडे बघत म्हणाल्या, "एवढ्या गाडीतनं आलात आणि मेथी एकच जुडी?" त्यानंतर मी मंडईत रिक्षानेच जाऊ लागले.

बाबांना मी फोनवर शब्द दिला होता की दिवाळीच्या सुट्टीत तुम्हाला न्यायला येते आणि येताना गाडी तुम्हीच चालवायची. शाळेला सुट्टी म्हणजे व्हॅनलाही सुट्टी. ते नुसतं "पाहू" म्हणाले. पण शेजारच्या काकूंनी सांगितलं की त्यांनी त्या दिवशीच नवी चप्पल आणली.

अकोला

जातानाचा प्रवास सांगण्यासारखा नाही. अकोल्यात शिरले आणि माझी जीभ आपोआप वऱ्हाडी झाली, ती नेहमीच होते. पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का" विचारतात आणि उत्तर लवकर द्यावं लागतं. आमच्या गल्लीत मी गाडीतून उतरायच्या आत तीन घरांतून भरलेले कप आले, साखरेने घट्ट झालेले. लोकांनी एकमेकांना जय भीम घालत गाडीभोवती चक्कर मारली. बाबांनी मात्र आधी जमिनीवर झोपून गाडीचं पोट पाहिलं, मग बॉनेट उघडून इंजिनला कान दिला.

"इंजिन साजरं हाय," ते म्हणाले. आत बसून त्यांनी डावीकडे मान वळवली आणि बराच वेळ त्या जाड पत्र्याकडे पाहत राहिले. "पण हिले डोये कमी हायेत."

अंगणात त्यांची व्हॅन उभी होती, धुऊनपुसून. शेजारची श्रावणी त्यांच्याच व्हॅनने शाळेत जायची, दुसरीत होती. ती मला म्हणाली, "आमच्या व्हॅनमदी काकांच्या बाजूले बसाचा रोज नंबर लागते. ज्याचा नंबर असन त्यानं डावी सांगाची. शाळा सुटली त्या दिवशी माहा नंबर होता."

मला हसू आलं, कारण तो माझा खेळ होता. लहानपणी जीपमध्ये बसले की मी डावीकडची गंमत ओरडून सांगायची: डावी मोकळी, डावी सायकल, डावी म्हैस. ट्रकवर क्लीनर सांगतो तशी. वडील तोच खेळ परक्या लेकरांशी खेळतात याचा मला थोडा मत्सर वाटला. त्यापुढे माझ्या मनात काही आलं नाही.

जेवायला बाबांनी स्वतः केलेली आलूवांग्याची भाजी, भाकर आणि ठेचा होता. ठेचा, मीठ, लिंबू ताटाच्या डाव्या बाजूला, रीतीप्रमाणे. बाबा ठेच्याशिवाय जेवत नाहीत. त्या दिवशी सगळं ताट लख्ख झालं आणि ठेच्याचा गोळा तसाच राहिला. "ठेचा नाही घेतला?" मी म्हटलं. त्यांनी ताटाकडे मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "पोट बरं नाही."

चिखली ते औरंगाबाद

दुसऱ्या दिवशी खामगाव सुटल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी सीट मागे सरकवलं, आरसे नीट केले, स्टिअरिंगला दोन बोटं लावून ती कपाळाला टेकवली. देवाला नव्हे, साधनाला, असं ते सांगतात.

"डावी सांगशील का?" त्यांनी विचारलं. "लहानपणी सांगत होती तशी. या गाडीले तं तिकडचं दिसतच नाही."

मी खुशीने हो म्हटलं. चिखलीपासून देऊळगावराजापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. मी सांगत होते: डावी मोकळी, डावी बैलगाडी, डावी शाळेचा मुलगा, डावी मोकळी. बाबा चालवत होते, आणि काय चालवत होते. गिअर कधी बदलला ते कळत नव्हतं. मी तीच गाडी दोन महिने चालवली होती आणि ती अशी पळू शकते हे मला माहीत नव्हतं. एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, तेव्हा मालक गाडीकडे बघून त्यांना म्हणाला, "काका, तुमची का?" बाबा म्हणाले, "पोरीची. मी ड्रायव्हर." आणि दोघं हसले.

माझ्या आयुष्यातले ते चार तास फार सुखाचे होते. ते आठवले की आता मला लाज वाटते. मी ज्याला खेळ समजत होते ते काम होतं, आणि ते मी चोख करत होते म्हणून काही झालं नाही.

औरंगाबादला मुक्काम केला. सकाळी लॉजच्या पायऱ्या उतरताना बाबांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागला. "दार लहान हाय," ते म्हणाले. दार चांगलं मोठं होतं.

नेवाशाच्या पुढे

नेवासा मागे पडलं आणि माझा फोन वाजला. सोमवारी प्रोग्रॅम ग्राहकाकडे जायचा होता आणि त्यात चूक निघाली होती. मॅनेजर विचारत होता की ही तुझ्या नजरेतून सुटली कशी. मी डावी सांगायची थांबले आणि इंग्रजीत भांडायला लागले. किती वेळ ते आठवत नाही, पाच-सात मिनिटं असतील.

समोर एक म्हातारा सायकलवर होता, कॅरिअरला घासाचा भारा आडवा बांधलेला. दूरपासून दिसत होता, रस्त्याच्या अगदी कडेने चालला होता. बाबांना तो दिसलाच असेल असं धरून मी बोलत राहिले. गाडी जराही उजवीकडे सरकली नाही. मी ओरडले तेव्हा डावा आरसा त्याच्या भाऱ्याला लागलाच होता.

बाबांनी गाडी थांबवली. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय लागलं? टायर गेलं का?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता. मी दार उघडून मागे धावले. म्हातारा रस्त्याकडेच्या चारीत बसला होता, उजव्या हाताने डावं मनगट धरून. मनगट जिथे वाकायला नको तिथे वाकलं होतं. शेतातून माणसं आली. दहा-बारा असतील.

"कोन चालवत व्हतं?" एकाने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

विचार करून बोलले असं नाही. एवढ्या माणसांत त्यांच्या अंगावर कुणी हात टाकला तर, एवढंच डोक्यात होतं. बाबा तोवर चालत आले होते. त्यांनी ते ऐकलं.

"बाईमाणसाच्या हातात असली गाडी दिल्यावर दुसरं काय व्हनार," तो माणूस बाबांना म्हणाला, एका पुरुषाने दुसऱ्याला सांगावं तसं. ज्यांनी मला चालवायला शिकवलं त्यांनी खाली पाहिलं. मला त्या माणसाचं काही वाटलं नाही. बाबांचं फार लागलं.

म्हाताऱ्याचं नाव भागुजी. नगरला दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि तिथे या गाडीने आपले गुण दाखवले. मोडक्या हाताचा माणूस मागे जाऊ शकत नव्हता. मग पुढचं सीट वाकवून बाबा मागे शिरले, ज्याला सहकारनगरचे काका शोभा म्हणाले होते तिथे, गुडघे छातीशी घेऊन. आजवर ते कधी कुठल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले मी पाहिले नव्हते. भागुजी पुढे बसले. आता पुढचा माणूस उतरेपर्यंत मागच्याला उतरायची सोय नव्हती.

भागुजी बराच वेळ कण्हत होते. मग शांतपणे म्हणाले, "ताई, तुमी न्हवत्या चालवत."

मी पुढच्या ट्रकला वाट दिली.

"म्या पडताना बगितलं. तुमी ह्या अंगाला फोनवर बोलत व्हता. असू द्या. बाप हाय." थोड्या वेळाने त्यांनी मान न वळवता मागे विचारलं, "बाबा, डाव्या अंगाचं किती दिसतंय तुमाला?"

मागे सीट करकरलं.

"माजा एक बैल व्हता तसा," भागुजी मला सांगू लागले, जणू गप्पा मारत होते. "डाव्या अंगानं काठी आली तरी डोळा हलायचा न्हाई. वरीसभर आमाला कळलं न्हाई बगा, कारन त्यो जोडीत उजवीकडं व्हता. डावीकडचं दुसरा बगायचा. यकटा सोडला त्या दिवशी हिरीत गेला."

मी आरशात पाहिलं. बाबा खिडकीबाहेर पाहत होते, उजव्या खिडकीबाहेर.

नगरला प्लास्टर झालं, भागुजींचा जावई आला, आमच्याकडून जे करायला हवं ते आम्ही केलं. पोलिसात जायला भागुजींनीच नको म्हटलं. निघताना त्यांनी उजवा हात बाबांच्या खांद्यावर ठेवला. माझा नंबर जावयाने लिहून घेतला.

नगरच्या बाहेर एका चिंचेखाली मी गाडी थांबवली आणि बाबांना समोर बघत उभं राहायला सांगितलं. मग माझं रोजचं काम केलं. त्यांच्या उजवीकडे हात नेऊन बोटं हलवली. "दोन," ते म्हणाले. डावीकडे नेली. ते समोर बघत उभे. मी हात पुढे पुढे आणत गेले. पार नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "तीन." मग विचारलं, "अजून किती वेळ पाह्याचं?"

"बाबा, तुमाले डावीकडचं दिसत नाही."

"मोतीबिंदू असन. या वयात होतेच. काढला की झालं."

"लेकरांले डावी सांगायले लावता ते यासाठी?"

ते गाडीत जाऊन बसले. या वेळी डाव्या दारातून, न सांगता.

वाघोली

कोरेगाव भीमाला आलो. विजयस्तंभापाशी थांबायचं हे अकोल्यातच ठरलं होतं, बाबांनी त्यासाठी फुलंही घेतली होती. मी गाडी हळू केली. ते म्हणाले, "चाल पुढं." फुलं डॅशबोर्डवर घरापर्यंत आली.

माझ्या फ्लॅटमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे. बाबा रोज सकाळी तिथे उभे राहून वंदना म्हणतात, पंचशील म्हणतात, मोठ्याने. दुसऱ्या दिवशी मी आतून ऐकत होते. पहिली तीन शीलं नेहमीच्या आवाजात झाली. मग शांतता. मग एकदम पाचवं. खोटं न बोलण्याचं जे चौथं, ते त्यांनी गाळलं. म्हणायचं आणि पाळायचं नाही, त्यापेक्षा न म्हणणं बरं, असा त्यांचा हिशेब असावा. मला बरं वाटलं नाही. मी बोललेलं खोटंही त्यातच होतं.

सुट्टी संपायला आठ दिवस होते. रोज एकच बोलणं.

"शाळा सोमवारी उघडते. मी शनिवारच्या गाडीनं जातो."

"तुम्ही व्हॅन चालवायची नाही."

"सतरा लेकरं हायेत. त्यातली सहा नदीपलीकडच्या वस्तीतली. तिकडं दुसरा कोणताच व्हॅनवाला जात नाही. रस्ता खराब, अन् वस्ती आपली. मी नसलो तं ते शाळेत जाणार कशे?"

"अन् तुम्ही असल्यावर ते कसे जातात ते मी पाह्यलं ना नेवाशाजवळ."

"लेकरं डावी बरोबर सांगतात. एकही दिवस चुकले नाहीत."

"सात वर्षांची पोरगी, बाबा. तिले चिमणी दिसली तं ते चिमणीकडंच पाह्यन."

एकदा मी म्हटलं की मी शाळेत फोन करीन. ते म्हणाले, "कर. शाळेत तूच हुशार होती." एवढं बोलून ते बाल्कनीत गेले. दोन दिवस आम्ही जेवणापुरतं बोललो. मी त्यांच्या ताटात ठेचा उजवीकडे वाढायला लागले, आणि ते तो खाऊ लागले. हे दोघांच्याही लक्षात येत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

मी फोन केला नाही. रोज ऑफिसातून नंबर लावायची आणि कट करायची. सतरा लेकरांच्या जिवापुढे वडिलांचा मान मी तोलत होते. तोलण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी तोलत होते.

शेवटी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायला तयार झाले, एका अटीवर. डॉक्टरने ठीक म्हटलं तर ते शनिवारी जाणार आणि मी पुन्हा विषय काढायचा नाही. मी मान्य केलं. शुक्रवारची वेळ मिळाली.

मंडईजवळ

दवाखाना मंडईजवळ, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. रिक्षाने गेलो. डॉक्टर पन्नाशीच्या बाई, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी डोळे तपासले आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू किरकोळ आहे. नजरेचा आवाका बघू, बाजूचं किती दिसतं ते."

त्यासाठी एक यंत्र असतं. एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून समोर बघायचं, आत कुठेकुठे बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर बसले होते, मधे नुसता पडदा. बटणाचा आवाज ऐकू येत होता, टिक, टिक, टिक, एका लयीत, जराही न चुकता. मला आशा वाटू लागली. एवढ्या वेळा दिसतंय म्हणजे माझंच काही चुकलं असेल.

डॉक्टरबाई कागद घेऊन बाहेर आल्या, तो पाहिला आणि पडदा सारला.

"काका, दिवे लागले नव्हते तेव्हाही आपण बटण दाबलंय."

बाबा घुमटासमोरून हलले नाहीत.

"यंत्र मधेमधे मुद्दाम दिवा लावत नाही, आणि कुणी दाबलं तर लिहून ठेवतं. आपण अंदाजाने दाबत होतात. इतकी वर्षं गाडी चालवलीत, ठेका बरोबर पकडलात. पण पास-नापास शाळेत असतं. इथे दिसतं किंवा दिसत नाही, एवढंच. पुन्हा करायचं का?"

मला वाटलं ते उठून निघून जातील. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "करा."

डॉक्टरबाईंनी पडदा ओढला. मी ऐकत बसले. टिक. मग काही नाही. मी मनात मोजू लागले. टिक. पुन्हा काही नाही, पुन्हा काही नाही, टिक. ते थांबे इतके लांब होते की मधल्या वेळात खालच्या रस्त्यावरच्या फुलवाल्याचं पूर्ण बोलणं ऐकू यायचं. माझे वडील आत बसून, अंधाऱ्या खोलीत, एकेक दिवा जाऊ देत होते. मी रडले. बाकावर एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, "ऑपरेशन आहे का?" मी नाही म्हटलं.

कागदावर दोन वर्तुळं होती, दोन डोळ्यांची. दोन्हींचा डावा अर्धा भाग काळा.

"डोळ्यांत दोष नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोष मागे, मेंदूत. रक्तपुरवठा बंद पडून गेलेला भाग आहे हा. परत येणार नाही. कधी चक्कर आली होती? तोंड वाकडं, हात जड?"

"आठवत नाही," बाबा म्हणाले.

मेंदूच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी घेऊन आम्ही खाली उतरलो. संध्याकाळचे पाच वाजले होते, मंडईत गर्दी वाढत होती. मी त्यांच्या डाव्या बाजूने चालत होते. एका हातगाडीपाशी ते थांबले.

"हेडबाईचा नंबर तुह्या फोनमदी हाय ना? लाव."

मी लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते पाठ सरळ करून उभे राहिले, साहेबांशी बोलताना राहत तसे.

"नमस्कार मॅडम. व्हॅनवाला बोलतो. सोमवारपासून मी येणार नाही... नाही, पगाराचं नाही. मले डावीकडचं दिसत नाही... नाही मॅडम, आता नाही. दोन वर्षं झाले."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"एका सकाळी तोंड वाकडं झालतं. दुपारपर्यंत सरळ झालं, मंग कोणाले सांगितलं नाही. पोरगी पुण्यात एकटी, तिले कायले घोर... हो. हो मॅडम. तुमचं बरोबर हाय. तुमी म्हणता तसंच हाय."

त्या दोन वर्षांत मी चार वेळा अकोल्याला गेले होते. चार वेळा त्यांच्यासमोर बसून जेवले होते. आणि ज्या कामाचा मी पगार घेते ते काम घरात मला एकदाही जमलं नव्हतं.

पलीकडून हेडबाई बराच वेळ बोलत होत्या. शब्द कळत नव्हते, आवाज चढलेला होता. त्यांचं झाल्यावर बाबा म्हणाले, "मॅडम, एक काम करा. नवीन ड्रायव्हर लागन त्याच्यासाठी लिहून घ्या, कोण कुठं उतरते. घेता ना?"

आणि ते सांगू लागले. श्रावणीला घराच्या अलीकडे उतरवायचं, समोरच्या कुत्र्याला ती भिते. नदीपलीकडच्या दोघा भावांना रस्ता ओलांडून द्यायचा, नुसतं उतरवून निघायचं नाही. एकाची आई कामावर असते, त्याला आजीच्या हातात द्यायचं, आजीला ऐकू येत नाही, हॉर्न वाजवू नये, खाली उतरून जावं. लोक त्यांना धक्के देत जात होते, हातगाडीवाला दोनदा सरका म्हणाला. मी त्यांच्या आणि गर्दीच्या मधे उभी राहिले. एकही नाव अडखळलं नाही. सतरावं सांगून झाल्यावर ते थांबले, पलीकडच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं का ते विचारलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.